शहापूर-मुरबाडचा कातकरी आणि संशोधनाचे द्रव्यसाहाय्य

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, थळघाट व माळशेज घाट यांच्या पायथ्याशी पसरलेले आहेत. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली या जमातींची वस्ती येथे मोठी असून शहापूर तालुका संपूर्णपणे व मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाण्याविषयीचा तेरावा खंड १८८२ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून या प्रदेशातील माणसांविषयी पुष्कळ लिहिले गेले. सरकारने चौकशा केल्या, विद्वानांनी ग्रंथ रचले, आणि पुढे परदेशी द्रव्यसाहाय्यावर चालणाऱ्या संशोधनाचाही काळ आला. या लेखनातील माहिती अभ्यासकांच्या नित्य वापरातली आहे. परंतु मुळात प्रश्न कोणी निवडला, खर्च कोणी सोसला आणि उत्तर अखेर कोणाच्या हाती पडले, इकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेलेले दिसते.

पहिली मोठी चौकशी जंगलाची झाली. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांची आखणी होऊ लागली, आणि तिचा पहिला आघात राबावर झाला. उत्तर कोकणातील शेतकरी पावसाळ्यापूर्वी भाताच्या रोपासाठी राखलेल्या जागेवर शेण, झाडांचे टहाळ, पालापाचोळा व गवत पसरून ते जाळतो; यालाच राब भाजणे म्हणतात. राबावाचून रोप जोम धरीत नाही, अशी त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. टहाळ तोडण्यावर निर्बंध येताच ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांतून तक्रारींचा ओघ सुरू झाला, आणि त्या पाहण्यासाठी सरकारला १८८५ साली एक आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये सादर झाला. या आयोगाचा प्रश्न सचिवालयात जन्मला नव्हता. तो भाताच्या खाचरातून वर आला होता. मात्र ज्याच्याजवळ खाचर होते त्याचीच तक्रार अशी वर चढू शकली, हेही विसरून चालणार नाही. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढणारा, आणि त्या धंद्यावरूनच ज्याला नाव पडले असा कातकरी याच निर्बंधांमुळे उपजीविकेला मुकत होता. राबासाठी भांडणारा खातेदार होता. खैरासाठी भांडणारा तेवढा वजनदार वाली कोणी नव्हता.

विसाव्या शतकात कातकऱ्याविषयी स्वतंत्र लेखन झाले. ए. एन. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील समाजशास्त्रीय ग्रंथ १९३४ साली निघाला. ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकुरांविषयीचा ग्रंथ १९६० सालचा. प्रत्यक्ष सहवासातून आलेल्या त्यातील तपशिलास आजही तोड नाही. या दोहोंच्या मधल्या काळात डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने इलाख्यातील डोंगरी जमातींविषयी अहवाल लिहिला. वेठ, कर्ज आणि लग्नासाठी घेतलेल्या पैशापायी आयुष्यभर राबणारा लग्नगडी यांचे इतके स्पष्ट वर्णन सरकारी कागदात त्यापूर्वी क्वचितच आले असेल. अहवाल छापला गेला. वेठ चालूच राहिली. ती मोडण्यास १९४५ चा वारल्यांचा लढा व्हावा लागला. त्याच वर्षीच्या जानेवारीत टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली होती, तिला गेलेले वारली परतताना जे घेऊन आले ते कोणत्याही अहवालात नव्हते.

परदेशी प्रतिष्ठानांचा प्रवेश यानंतरचा. कार्नेगी कॉर्पोरेशन १९११ मध्ये, रॉकफेलर प्रतिष्ठान १९१३ मध्ये आणि फोर्ड प्रतिष्ठान १९३६ मध्ये स्थापन झाले. उद्योगपतीने आपल्या संपत्तीचा मोठा भाग विश्वस्तांकडे सोपवावा आणि त्यांनी तिच्या उत्पन्नातून ज्ञानकार्यास व लोककल्याणास साहाय्य करावे, अशी ही रचना आहे. अशा संस्थेस मतदाराकडे जावे लागत नाही आणि गिऱ्हाइकाचीही भीती नसते. दहा-पंधरा वर्षे फळाची वाट पाहणे तिला परवडते ते यामुळेच; आणि आपण निवडलेला प्रश्न चुकला की काय, हे तिला सांगणारा कोणी नसतो तोही यामुळेच.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर या साहाय्याचे सर्वांत यशस्वी उदाहरण पुण्यात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून १९५२ साली तेथे विषाणू संशोधन केंद्र उभारले. डास, गोचिडी इत्यादी कीटकांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा जगभर शोध घेण्याची प्रतिष्ठानची जी योजना होती तिचे हे एक ठाणे; म्हणजे प्रश्न न्यूयॉर्कमध्ये ठरलेला होता. परंतु १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसे तापाने आजारी पडली, आणि केंद्रातील संशोधकांना जवळच्या जंगलाने स्वतःचा प्रश्न दिला. क्यासनूर जंगलताप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगाचा विषाणू त्यांनी वेगळा केला. १९६७ पर्यंत प्रतिष्ठानने आपला हात काढून घेतला, तरी केंद्र बंद पडले नाही. १९७८ मध्ये त्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाली. पैसा थांबल्यावर संस्था उरली, आणि ती उरली कारण तिचे प्रश्न मधल्या काळात येथले झाले होते.

शेतीच्या बाबतीत निराळे घडले. फोर्ड प्रतिष्ठानने १९५२ साली दिल्लीत कचेरी उघडली आणि समाजविकास योजनेच्या प्रशिक्षणकार्यास साहाय्य दिले. १९५९ मध्ये प्रतिष्ठानच्या तज्ज्ञमंडळाने भारतातील अन्नटंचाईविषयी अहवाल सादर केला. त्यातून निवडक जिल्ह्यांत सघन शेतीचा कार्यक्रम निघाला. महाराष्ट्रातून निवड झाली ती भंडाऱ्याची. जेथे पाण्याची शाश्वती आहे तेथेच खत व बियाणे एकवटावे, हे निवडीचे सूत्र होते. या सूत्रात मुरबाडची वरकस जमीन बसणे शक्य नव्हते. शहापूरची गोष्ट तर याहून चमत्कारिक आहे. तानसा तलाव १८९२ साली पुरा झाला, वैतरणेवरील मोडकसागर १९५७ साली, पुढे भातसा धरण आले. मुंबईची तहान बव्हंशी याच खोऱ्यांवर भागते. पाणी विपुल होते, पण ते नळाने निघून जाणारे पाणी होते. तलावांच्या काठच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. कागदावर असा तालुका कोरडवाहूच ठरतो, आणि निधी कागद पाहून येतो.

कातकऱ्याचा खरा प्रश्न या कोणत्याच चौकटीत उमटला नाही. तो शेतीचाही नव्हता आणि रोगाचाही नव्हता. तो घराखालच्या जमिनीचा होता. कात काढण्याचा धंदा गेल्यावर कातकरी मोलमजुरीला लागला. हंगामात मजूर हाताशी असावा म्हणून जमीनमालकांनी आपल्या पडीक तुकड्यावर त्याला झोपड्या घालू दिल्या, आणि अशा रीतीने गावाच्या कडेला कातकरवाड्या वसल्या. दिवाळीनंतर ठेकेदाराची उचल घेऊन कुटुंबे वीटभट्टीवर वा कोळसा पाडण्यास जात, ती पाऊस तोंडावर आला की परतत. वर्षातील निम्मा काळ दाराला कडी असलेल्या वस्तीची दफ्तरी नोंद कोण करणार? १९४८ च्या कूळकायद्याने जमीनमालकाच्या जागेतील कुळाच्या राहत्या घरास संरक्षण दिले होते. पण कातकरी बहुधा कूळ म्हणून कोठे लागलेलाच नव्हता. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १२२ व्या कलमान्वये गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे. तरीही कित्येक वाड्या खाजगी सातबाऱ्यावरच राहिल्या. महाराष्ट्रात आदिम म्हणून गणलेल्या तीन जमातींपैकी कातकरी ही एक (दुसऱ्या दोन कोलाम व माडिया गोंड), आणि तिच्या घरांची ही स्थिती.

मुंबईची वाढ कर्जत, मुरबाड, शहापूरच्या दिशेने सरकू लागली तसा हा सुप्त प्रश्न पेटला. जमीन विकावयाची तर ती मोकळी हवी. तारेचे कुंपण वाडीच्या अंगणापर्यंत येऊ लागले. कोठे पाण्याची वाट अडली, कोठे नवे घर बांधण्यास मज्जाव झाला.

या प्रश्नाचा पद्धतशीर शोध मुरबाडच्या दक्षिणेस लागूनच असलेल्या कर्जत तालुक्यातून झाला. कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेचे राजीव खेडकर आणि कॅनडाचे डॅनियल बकल्स यांनी, बन्सी घेवडे व ज्ञानेश्वर पाटील यांच्या सहकार्याने, कातकरवाड्यांच्या निष्कासनाविषयी जे संशोधन केले त्याचा ग्रंथ २०१३ साली प्रसिद्ध झाला. बकल्स हे ओटावा येथील आंतरराष्ट्रीय विकास संशोधन केंद्राशी दीर्घकाळ संबंधित होते. हे केंद्र काटेकोर अर्थाने प्रतिष्ठान नव्हे. कॅनडाच्या संसदेने १९७० साली कायद्याने ते स्थापन केले आणि त्याचा पैसा कॅनडाच्या करदात्याचा आहे. विकसनशील देशांतील संशोधकांनीच आपापल्या देशाचे प्रश्न मांडावेत, या धोरणासाठी ते ओळखले जाते. ते धोरण सर्वत्र पाळले गेले असे नाही; परंतु कर्जतच्या या कामात त्याचा आशय उतरला. वाडीची माणसे येथे केवळ माहिती देणारी राहिली नाहीत. आपल्या स्थितीचे विश्लेषण त्यांनी स्वतः बसून केले. वाडीखालची जमीन कोणाच्या नावे आहे, मालकाशी उघड भांडल्यास मजुरी तुटेल काय, अर्ज कोणाकडे करावा, कोण सोबत येईल, ही त्या अभ्यासाची विषयसूची.

शास्त्रीय दृष्ट्या यावर आक्षेप घेता येईल. ज्याचा स्वार्थ गुंतलेला आहे त्याने केलेली पाहणी निःपक्षपाती कशी मानावी? आक्षेप क्षुल्लक नाही. पण तो लावावयाचा तर १८८७ च्या वन आयोगासही लावावा लागेल, कारण त्याच्यापुढची गाऱ्हाणी मांडणारे राबाचे गरजवंतच होते. आणि त्या अहवालास आज कोणी त्या कारणासाठी त्याज्य ठरवीत नाही. याउलट, ज्यांचा काहीच स्वार्थ नव्हता अशा अनेक विद्वानांनी कातकऱ्याची लग्नविधी, कुळे व देवके तपशिलाने नोंदविली. पण त्याची झोपडी कोणाच्या सर्व्हे नंबरात उभी आहे, हा प्रश्न मध्यवर्ती झाला नाही. ग्रंथ इंग्रजीत निघाला, ही उणीव मात्र राहिलीच. वाडीतील चर्चा मराठीत व कातकरी बोलीत झाल्या, आणि त्यांचे छापील रूप वाडीला न वाचता येणाऱ्या भाषेत गेले.

अशा साहाय्याचा मार्ग आता पालटला आहे. परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा पहिला कायदा आणीबाणीत, १९७६ साली झाला; त्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधी मिळालेल्या संस्थेस त्यातील रक्कम दुसऱ्या संस्थेकडे देण्यास संपूर्ण मनाई केली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आणली, आणि असा पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच घेणे बंधनकारक केले. परकी पैशाचा हिशेब चोख असावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु पूर्वी मोठी संस्था निधी घेई, नोंदणीचा व हिशेबाचा भार वाही, आणि नोंदणी असलेल्या लहान संस्थांना त्यातून थोडी थोडी रक्कम देई. वाडीचा नकाशा काढणे, जुन्या नोंदींच्या नकला मिळविणे, तहसील कचेरीच्या खेपा, त्या खेपांपायी बुडालेली मजुरी असे खर्च अशाच लहान रकमांतून भागू शकत. २०२० नंतर मुरबाडच्या किंवा शहापूरच्या संस्थेस परदेशी निधी हवा असेल तर तिने स्वतः दिल्लीत नोंदणी करावी, स्वतःचे खाते उघडावे आणि ओटावा वा न्यूयॉर्कच्या कचेरीशी स्वतःच इंग्रजीत पत्रव्यवहार करावा.