नापास झालो तर?

कुंडल म्हटलं की प्रतिसरकार, नाना पाटील, जी. डी. बापू लाड. ते खरंच. पण आमच्या वस्तीतल्या मुली आज वेगळंच विचारतात. नर्सिंगला कुठं जायचं? आणि नापास झालो तर?

रक्त, मलमूत्र, परक्याचा स्पर्श. यात सवर्णांना विटाळ दिसला, म्हणून त्यांनी या कामाकडे नाक मुरडलं. ख्रिस्ती बायांनी ते पत्करलं. 1894 साली मिरजेत डॉ. वानलेस यांचं मिशन रुग्णालय उभं राहिलं, पुढे तिथं परिचारिकाही शिकल्या. सावित्रीमाई तर सातारा जिल्ह्यातल्याच, नायगावच्या. 1897 च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणलं आणि त्याच साथीत 10 मार्चला त्या गेल्या. आम्ही नर्सिंगचा इतिहास तिथून मोजतो, नाइटिंगेलबाईंपासून नाही.

राहिली भीती. 1923 मध्ये बाबासाहेबांचा डी.एस्सी.चा प्रबंध लंडनच्या परीक्षकांनी परत पाठवला होता. त्यांनी तो सुधारून दिला आणि त्याच वर्षी पदवी घेतली. वरच्या घरातली पोर नापास झाली तर ‘पेपर अवघड होता’, आपली झाली तर ‘कोट्यातली’. भीती अभ्यासाची कमी, या शब्दाची जास्त.

म्हणून सरकारी रुग्णालयाला जोडलेली संस्था आधी बघा. खासगी असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता तपासल्याशिवाय एक रुपया भरू नका. आणि शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा, ती बाबासाहेबांनी व्हाइसरॉयशी भांडून मिळवलेली आहे.