संपफोड्यांच्या कचेरीतला लेखक

रहस्यकथा वाचणे हा कामगाराने करावयाचा उद्योग नव्हे, असे माझे एक वडीलधारे सहकारी नेहमी म्हणत. मी तर बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवरच वाचनाला लागलो. तेव्हा डॅशिएल हॅमेट या अमेरिकन रहस्यकथाकाराविषयी आपल्यापुढे बोलताना मला संकोच वाटत नाही. शिवाय हा गृहस्थ आरंभी आमच्या विरुद्ध बाजूचा नोकर होता.

हॅमेट १८९४ साली मेरीलंडमध्ये जन्मला. शाळा लवकर सुटली. १९१५ साली तो बाल्टिमोरला पिंकर्टन या खासगी हेरसंस्थेत लागला. या संस्थेचा संस्थापक स्वतः मूळचा पिंपे बनविणारा कारागीर. पण १८९२ साली होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातील कामगारांवर चालून गेली ती याच संस्थेची तीनशे सशस्त्र माणसे. मजूर म्हणून संघटनेत शिरावे, सभेत बसावे आणि रात्री मालकाला नावे कळवावीत, हाही तिचा एक धंदा. आमच्या एका संपात सभेचे इतिवृत्त लिहिणारा पोरगाच मालकाचा निघाला होता. अक्षर मात्र मोत्यासारखे!

१ ऑगस्ट १९१७ रोजी माँटानातील ब्यूट या तांब्याच्या खाणींच्या गावी फ्रँक लिटल या कामगार संघटकाला बुरखेधाऱ्यांनी बिछान्यातून ओढून नेले आणि रेल्वेच्या पुलावर फाशी दिले. लिटलला मारण्यासाठी आपल्याला पाच हजार डॉलर देऊ केले होते, असे हॅमेट सांगे, ही लिलियन हेलमन या त्याच्या सहचारिणीची साक्ष. चरित्रकार तीविषयी साशंक आहेत. मीही तिच्यावर भिस्त ठेवीत नाही. पण १९२९ सालची ‘रेड हार्वेस्ट’ वाचा. खाणमालक संप मोडण्यासाठी गुंड आणतो, संप मोडतो, आणि मग गुंड गाव सोडीत नाहीत. मालकालाच त्यांच्या धाकात राहावे लागते. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत हा व्यवहार मला इतका स्वच्छ सापडला नाही.

क्षयाने शरीर खचले, नोकरी सुटली, म्हणून तो ‘ब्लॅक मास्क’ मासिकात लिहू लागला. १९३० साली ‘द माल्टीज फाल्कन’ आली, १९३४ साली ‘द थिन मॅन’. ती शेवटची कादंबरी. हॉलिवूडने पैसा दिला, तो बराचसा दारूत गेला. हेलमनच्या ‘वॉच ऑन द ऱ्हाइन’ या नाटकावरील चित्रपटाची त्याने लिहिलेली पटकथा १९४३ सालच्या चित्रपटांतून ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचली.

तत्पूर्वीच, १९४२ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हा क्षयी माणूस पुन्हा साधा शिपाई म्हणून सैन्यात भरती झाला होता. युद्धानंतर तो एका नागरी हक्क संघटनेच्या जामीन निधीचा विश्वस्त झाला. १९५१ साली त्या निधीतून जामीन मिळालेले चार कम्युनिस्ट पुढारी फरारी झाले. निधीला पैसे देणाऱ्यांची नावे न्यायालयाने मागितली. हॅमेटने ती दिली नाहीत. न्यायालयाच्या बेअदबीबद्दल सहा महिन्यांची सजा झाली. सुमारे पाच महिने त्याने भोगली, तुरुंगातले संडास धुतले. हेलमन लिहिते की, त्याला एकही नाव ठाऊक नव्हते. ‘मला माहीत नाही’ एवढेच म्हटले असते तरी तो घरी गेला असता. ज्याने तरुणपणी नावे पुरविणाऱ्यांच्या कचेरीत पगार घेतला, त्याला हे तीन शब्द उच्चारवले नाहीत.

बाहेर आला तो करखात्याच्या कर्जात. १० जानेवारी १९६१ रोजी तो वारला. दोन्ही महायुद्धांतील सैनिक म्हणून त्याला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत पुरले आहे.