दबावगट आणि आपले दोन तालुके

दबावगट हा शब्द कानाला जरा उर्मट वाटतो. अर्थ मात्र साधा आहे. समान हित असलेली माणसे एकत्र येतात, ठराव करतात, निवेदने देतात, शिष्टमंडळे नेतात. स्वतः सत्तेवर बसायला निघत नाहीत. पक्ष वेगळा पडतो तो येथे. मराठी साहित्यिकांनी हे काम एकदा केले आहे.

मे 1946 मध्ये बेळगावला साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर, नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक. तेथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि जुलैत शंकरराव देवांच्या नेतृत्वाखाली संयुक्त महाराष्ट्र परिषद उभी राहिली. विदर्भात मात्र एकमत नव्हते. बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी यांना वेगळा विदर्भ हवा होता. म्हणून 1947 चा अकोला करार, 1953 चा नागपूर करार. सरकारशी बोलण्याआधी गटांना आपसांतच देवघेव करावी लागते, ती अशी.

1955 मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, ती आठ जिल्ह्यांची. विदर्भ वेगळा की संयुक्त, हा वाद या आठांभोवतीच फिरला. छिंदवाडा त्यांत नव्हता. आयोगाने साधारणतः जिल्हा हेच माप धरले होते, आणि त्या मापात सौंसर-पांढुर्ण्याची मराठी विरून गेली. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आपली राजधानी नागपूर होती, नंतर भोपाळ झाली. तिगावच्या स्टेशनावरून राजधानीला जायची गाडी उलट्या दिशेची झाली म्हणा ना!

पुढे बेळगावसाठी महाराष्ट्राने जिल्हा नव्हे, गाव हे माप मागितले. आपल्यासाठी तसा आवाज उठला नाही. याचे कारण भित्रेपणा आहे असे मला वाटत नाही. संत्री नागपूरच्या बाजारात जातच राहिली, सोयरिकी काटोल-नरखेड-वरूडला जुळतच राहिल्या. रोजचे अडले नाही, आणि जेथे रोजचे अडत नाही तेथे गट बांधला जात नाही. अडले ते हळूहळू, मुलांच्या पाटीवर. घरात मराठी, शाळेत हिंदी. हे दुखणे जुनाट जातीचे; त्यात ताप येत नाही, म्हणून कोणी दवाखान्यात येत नाही.

यावरचा उपाय 1956 च्याच पुनर्रचनेत आहे. त्या वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने 350 क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. राज्य बदलून मागायची गरज नाही. शाळेत मराठीचा शिक्षक मागायचा आहे. ऑक्टोबर 2023 पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा आहे, सौंसर त्यात आहे. निवेदन घेऊन छिंदवाड्यालाही जावे लागणार नाही. पालकांच्या सह्या तेवढ्या गोळा करायच्या आहेत.