मायलेज हवे की ताकद?

जुन्नरजवळच्या विघ्नहराच्या ओझरपासून वेगळे ओळखता यावे म्हणून नाशिक जिल्ह्यातील ओझरला अनेक जण आजही 'ओझर मिग' म्हणतात. १९६४ मध्ये येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि मिग-२१ विमानांची बांधणी सुरू झाली. आफ्टरबर्नर पेटल्यावर इंधन किती वेगाने संपते, हा त्या विमानाच्या वैमानिकापुढचा नेहमीचा हिशेब असे. मोटार घेणाऱ्या कुटुंबापुढचा पेच लहान असला, तरी जातकुळी तीच. शोरूममध्ये पहिला प्रश्न 'अॅव्हरेज किती देते?' असा असतो. 'घाटात चढते का?' हा प्रश्न बहुधा गाडी घरी आल्यावर सुचतो.

या पेचाचे एक चांगले उदाहरण नाशिकमध्येच घडले. महिंद्र आणि फ्रान्सची रेनॉ या कंपन्यांनी एकत्र येऊन २००७ मध्ये लोगान ही मोटार बाजारात आणली. तिची बांधणी महिंद्रच्या नाशिक येथील प्रकल्पात होत असे. तिच्या १.५ लिटर डिझेल इंजिनाची ताकद होती अवघी ६५ अश्वशक्ती, तर १.४ लिटर पेट्रोल इंजिनाची सुमारे ७५. कागदावर पेट्रोल गाडी सरस. टॉर्कचा आकडा मात्र उलटे सांगत होता. डिझेल इंजिन २००० फेऱ्यांनाच १६० न्यूटन-मीटर टॉर्क देई, पेट्रोल इंजिनाची धाव ११० च्या आसपास थांबे. त्यामुळे पाच माणसे आणि सामान घेऊन चढ चढताना कमी अश्वशक्तीची डिझेल गाडी कमी कुरकुर करी आणि इंधनही कमी पीत असे.

तरीही लोगान फारशी खपली नाही. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. मात्र त्यासाठी लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलसाठी १२०० सीसी, डिझेलसाठी १५०० सीसीपर्यंत असण्याची अट होती. लोगानचे डिझेल इंजिन या मर्यादेत बसत होते, पण सव्वाचार मीटर लांबीमुळे सवलत हुकली. रेनॉ २०१० मध्ये भागीदारीतून बाहेर पडली, २०११ मध्ये गाडीचे नाव व्हेरिटो झाले आणि २०१३ मध्ये मागची डिकी कापून चार मीटरच्या आतली 'व्हाइब' काढण्यात आली. तिलाही प्रतिसाद बेताचाच होता. सीसीची ही मर्यादा करपद्धतीत आजही टिकून आहे. सप्टेंबर २०२५ पासून या मापात बसणाऱ्या मोटारींवर १८ टक्के, तर त्याबाहेरच्या मोटारींवर ४० टक्के जीएसटी आकारला जातो. ग्राहक ज्याला आपली निवड समजतो, तिचा बराचसा भाग असा दिल्लीत आधीच ठरलेला असतो.

आता ताकद नेमकी किती लागते ते पाहू. बाराशे किलोची साधी मोटार सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने चालवायला चाकांपाशी जेमतेम १० ते ११ अश्वशक्ती पुरते. ताशी १०० ला हीच गरज १७-१८ वर जाते, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मुंबई-आग्रा महामार्गावर ओझर ते नाशिक रोज ये-जा करणाऱ्याला मोठ्या इंजिनाची गरज नाही, ती एवढ्याचसाठी.

घाटाचा हिशेब निराळा. कसाऱ्याहून इगतपुरीला येताना सुमारे ३०० मीटर उंची गाठावी लागते. भरलेली, दीड टनाची गाडी तेवढी वर न्यायला खरे तर अर्धा लिटरही जादा पेट्रोल लागत नाही. म्हणजे घाट खिशाला नव्हे, इंजिनाला जड जातो. पाच टक्के चढावर ताशी ६० चा वेग राखायचा तर चाकांपाशी २३ अश्वशक्ती सतत हवी.

खरी कसोटी ओव्हरटेकची. वणीमार्गे सापुताऱ्याकडे निघालेल्या भरल्या गाडीने सपाटीवर, ट्रकला मागे टाकताना ताशी ६० वरून ८० चा वेग पाच सेकंदांत घ्यायचा, तर चाकांपाशी ५० हून अधिक अश्वशक्ती लागते; दहा सेकंद घेतले तर ३० च्या आसपास भागते. मधली पाच सेकंदे समोरून येणाऱ्या वाहनाच्या बाजूला काढावी लागतात. दुपदरी रस्त्याने नेहमी जाणाऱ्याने ताकदीला चैन समजू नये.

आता पैशांकडे. ओझर-नाशिक अंतर साधारण २० किलोमीटर. महिन्याचे २५ दिवस ये-जा केली तर हजार किलोमीटर होतात. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीऐवजी १८ देणारी घेतली, तर महिन्याला ११ लिटर वाचतात. मात्र २२ ऐवजी २५ देणारी घेतली, तर बचत साडेपाच लिटरच! फरक दोन्हीकडे तीन किलोमीटरचाच, फायदा निम्मा. जाहिरातीतील मोठ्या आकड्यांमागे धावणाऱ्यांचे नेमके येथे चुकते. पेट्रोल १०० रुपये लिटर धरले, तर पहिल्या उदाहरणात वर्षाला सुमारे तेरा हजार वाचतात. त्यासाठी गाडीच्या किमतीत एक लाख जादा मोजले असतील, तर ते फिटायला साडेसात वर्षे लागतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाल्यापासून स्वस्त डिझेलचा जुना हिशेबही पूर्वीसारखा राहिलेला नाही.

जाहीर मायलेज प्रयोगशाळेतील रोलरवर, एसी बंद ठेवून आणि ठरावीक वेगक्रमाने मोजलेले असते; त्यात कमाल वेग ताशी ९० असतो. रस्त्यावर तो आकडा क्वचितच मिळतो. त्यात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी असते. लहान टर्बो इंजिने दोन्ही गोष्टी देऊ करतात खऱ्या, पण एका वेळी एकच. ताकद वापरली की मायलेज उतरते.

म्हणून चाचणीसाठी गाडी मिळाली की ती शोरूमभोवतीच्या सपाट रस्त्यावर फिरवून परत करू नये. घरची माणसे बसवावीत, एसी लावावा, चांदवडच्या पुढे राहुड घाटापर्यंत जावे आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० वरून गाडी वेग घेते की दुसरा गिअर मागते, ते पाहावे.