वाहिनी-स्थिती प्रतिवेदन : गणनशक्तीचे नियोजन
बिनतारी जाळ्यात मनोरा आणि मोबाइल यांमधील वाहिनी क्षणोक्षणी पालटत असल्यामुळे, मनोऱ्याकडून येणाऱ्या संदर्भसंकेतांचे मापन करून तिची हालहवाल परत कळविण्याचे काम मोबाइलला अखंड करावे लागते; परंतु त्याची गणनशक्ती मर्यादित असल्याने, पाचव्या पिढीच्या ‘थ्रीजीपीपी’ मानकाने (रिलीज १५) एकाच वेळी किती गणने झेपतील हे मोबाइलने आरंभीच जाहीर करावे आणि प्रत्येक प्रतिवेदनाने त्यांतील ठरावीक एकके व्यापावीत, असा दंडक घातला. केवळ संकेताच्या सामर्थ्याच्या प्रतिवेदनास एक एकक पुरते. एरवी सामान्यतः जितकी संदर्भसाधने, तितकी एकके. मागणी शिल्लक एककांहून अधिक झाल्यास कनिष्ठ अग्रक्रमाची प्रतिवेदने अद्ययावत करण्याचे बंधन मोबाइलवर राहत नाही, आणि जुनीच माहिती मनोऱ्याकडे रवाना होऊ शकते. ही मुभा आवश्यक असली तरी वेगाने धावणाऱ्या वाहनात ती महाग पडते, हे विसरता कामा नये. अग्रक्रमात आज्ञेनुसार एकवार द्यावयाचे प्रतिवेदन प्रथम, अर्धस्थायी त्यानंतर व नियतकालिक अखेरीस येते. आज्ञाधीन प्रतिवेदनाची एकके आज्ञा संपताच अडकतात आणि प्रतिवेदन पूर्ण रवाना झाल्यावरच मोकळी होतात.