ल्युसर्न : सोबत अर्ध्या वाटेची

१८६३ च्या उन्हाळ्यात इंग्रज सहल-आयोजक थॉमस कुक याने प्रवाशांना स्वित्झर्लंडला नेले. तो वाटेतूनच परतला आणि त्या प्रवाशांतील जेमिमा मॉरेल व तिच्या सोबत्यांनी ल्युसर्न सरोवर व रिगी पर्वतासह उरलेला प्रवास स्वतःच्या हिमतीवर पुरा केला. सरोवरात १८३७ पासून आगबोटी होत्या, तरी रिगीवर पायी, घोड्यावर किंवा डोलीतून चढावे लागे आणि सूर्योदयासाठी माथ्यावरच मुक्काम करावा लागे. १८७१ मध्ये अभियंता निकलाउस रिगेनबाख याची दातेरी रेल्वे, म्हणजे रुळांमधील दातेरी पट्टीत इंजिनाचे चाक अडकवून चढणारी गाडी, सरोवरकाठच्या फिट्सनाउहून रिगीवर सुरू झाली. १८७३ मध्ये ती शिखराला पोहोचल्यावर ल्युसर्न शहरातून निघून संध्याकाळी परतणे सहज शक्य झाले.