ट्रकवाल्यांनी घडवलेला व्हिसा

युरोपच्या सहलीला निघालेला मराठी पर्यटक बँकेची स्टेटमेंटं, प्रवासविमा आणि हॉटेलांची बुकिंगं गोळा करून शेंगेन व्हिसासाठी अर्ज करतो. गंमत अशी, की हा व्हिसा जन्मला तो सरहद्दीवरची तपासणी काढून टाकण्याच्या खटपटीतून. आणि त्या खटपटीला निमित्त झाले वैतागलेले ट्रकचालक.

फेब्रुवारी १९८४. इटली आणि फ्रान्समधल्या कस्टम कर्मचाऱ्यांच्या आंदोलनामुळे आल्प्समधली नाकी तुंबली. अडकून पडलेल्या ट्रकचालकांनी मग रस्तेच रोखून धरले. हंगाम बर्फावरच्या सुट्ट्यांचा, त्यामुळे पर्यटकही त्यात सापडले. खरं तर युरोपीय सामायिक बाजारपेठेच्या सहा संस्थापक देशांनी आपसातली जकात १९६८ सालीच रद्द केली होती. जकात गेली, नाकी राहिली. ती कशासाठी, हा ट्रकवाल्यांचा प्रश्न रास्तच होता.

फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोल यांनी तो उचलून धरला. १३ जुलै १९८४ रोजी झारब्रुकन इथे दोन्ही देशांचा करार झाला. फ्रान्सकडून सही केली युरोपविषयक खात्याचे मंत्री रोलां द्यूमा यांनी, जर्मनीकडून चॅन्सेलरच्या कार्यालयाचे प्रमुख श्रेकेनबेर्गर यांनी. जागाही बोलकी होती. झारब्रुकन ही झारलँडची राजधानी, आणि हा प्रांत दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या छत्राखाली होता. तो पश्चिम जर्मनीत सामील झाला १९५७ साली.

शेजारच्या बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्गला ही कल्पना नवी नव्हती. या तीन देशांनी आपसातली माणसांची तपासणी १९६० मध्येच बाहेरच्या सीमांवर नेली होती. मोठे शेजारी आपल्याच वाटेने येताहेत म्हटल्यावर तेही वाटाघाटींत उतरले.

१४ जून १९८५ ला पाच देशांनी सह्या केल्या त्या मोझेल नदीतल्या ‘प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड’ या बोटीवर. काठावरचं शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं द्राक्षमळ्यांचं छोटं खेडं. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग इथे एकमेकांना भेटतात. या भागात मोझेलचं पात्र जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांच्या सामायिक मालकीचं आहे, म्हणजे सह्यांसाठी याहून चपखल जागा शोधूनही मिळाली नसती. समारंभ मात्र अगदी बेताचा. एकही राष्ट्रप्रमुख हजर नव्हता, आणि तेव्हाच्या युरोपीय समुदायातल्या दहांपैकी पाच देश कराराबाहेरच होते.

कराराची भाषाही तशीच जमिनीवरची. खासगी गाड्यांनी नाक्यावर वेग कमी करायचा, थांबायचं नाही. पोलीस नुसती नजर टाकणार. समुदायाच्या नागरिकांना गाडीच्या काचेवर किमान आठ सेंटिमीटर व्यासाची हिरवी चकती लावता येई. ती पाहून पोलिसांनी समजायचं, की आत बसलेल्यांची कागदपत्रं आणि सामान नियमात आहे.

पण आतली दारं उघडायची तर बाहेरचं दार कुणी, कसं राखायचं? खरी डोकेफोड इथे होती. एका देशाने आत घेतलेला परदेशी माणूस उद्या विनातपासणी दुसऱ्या देशात जाणार; मग त्याला प्रवेश देण्याचे निकषही एकच हवेत. त्यातून १९ जून १९९० रोजी १४२ कलमांचा दुसरा करार आला. त्याआधी बर्लिनची भिंत पडली होती आणि त्या धांदलीत सह्या लांबल्या होत्या. तीन महिन्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी सर्वांचा मिळून एकच व्हिसा असावा, हे याच करारात ठरलं. २६ मार्च १९९५ पासून सात देशांनी तो प्रत्यक्षात आणला.

आता हे देश २९ आहेत. युरोपीय संघात नसलेला स्वित्झर्लंड २००८ पासून त्यात आहे. संघातला आयर्लंड मात्र नाही. ब्रिटनशी १९२०च्या दशकापासून चालत आलेली मोकळी ये-जा त्याला सोडायची नव्हती. त्यामुळे पॅरिसहून डब्लिनला जाऊ पाहणाऱ्या पुण्याच्या प्रवाशाला आयर्लंडचा अर्ज वेगळा भरावा लागतो.